एक्सरेवाल्या अप्पांनी पाहिलेली पित्ताची वाट

परळीत आज ज्यांनी पन्नाशी ओलांडलीय, त्यांच्यातल्या कित्येकांच्या छातीचा नाहीतर मोडलेल्या हाताचा फोटो सिद्धाराम अप्पांनी काढलेला आहे. अप्पांचं आडनाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, सदऱ्याच्या आत इष्टलिंगाची चांदीची डबी, आणि औषधाच्या पाण्यात हात घालून घालून कायमची तपकिरी झालेली नखं. गावासाठी ते 'एक्सरेवाले अप्पा'. बाजारात भाजी घेताना एखादी बाई त्यांना ओळखून एक्सरे काढताना धरावा तसा आपसूक श्वास रोखून धरायची, आणि मग स्वतःच हसत सुटायची.

स्टेशनकडून मंदिराकडं जाणाऱ्या रस्त्यावर धर्मराज डॉक्टरांचा दवाखाना होता. त्र्याहत्तर साली अप्पा तिथं लागले तेव्हा तेवीस वर्षांचे होते. सोलापुरात एका म्हाताऱ्या एक्सरेवाल्याच्या हाताखाली त्यांनी हे काम शिकून घेतलं होतं. जिन्याखालची एक कोंदट खोली त्यांची अंधारखोली. आत तांबडा दिवा, फिल्मा धुवायच्या तीन टाक्या, आणि चिमट्याला लटकवलेल्या ओल्या फिल्मा. त्या खोलीतून अप्पा ओली फिल्म घेऊन बाहेर आले की बाकावरची माणसं देवाचा कौल लागावा तशी उठून उभी राहायची.

परळीत एक्सरे काढायचा तर एक वेगळीच पंचाईत होती, ती म्हणजे राख. थर्मलच्या, म्हणजे कोळशाच्या वीजकेंद्राच्या, चिमण्या अहोरात्र धुपत असायच्या, आणि वारा फिरला की राखेचा बारीक थर अंगणातल्या तुळशीपासून दुकानातल्या साखरेपर्यंत सगळीकडं बसायचा. ओल्या फिल्मवर तो असा चिकटायचा की पुसता येत नसे. नोकरीच्या पहिल्याच वर्षी धर्मराज डॉक्टरांनी एका व्यापाऱ्याच्या पोटाचा फोटो उजेडावर धरला आणि गंभीर होऊन म्हणाले, "तीन खडे आहेत." अप्पा मागं उभे होते. त्यांनी चाचरत सांगितलं, "साहेब, त्यातले दोन थर्मलचे हायत." त्या दिवसापासून अप्पा खिडकीला ओलं धोतर बांधून मगच फिल्मा वाळवायला लागले.

त्या काळी पित्ताशयाचा फोटो म्हणजे दीड दिवसाचं काम होतं. आदल्या संध्याकाळी रोग्याला सहा गोळ्या द्यायच्या, रात्रभर उपाशी ठेवायचं, आणि सकाळी फोटो काढायचा. गोळ्यांमधलं औषध पित्तात उतरून पित्ताची थैली फिल्मवर पांढरी उमटायची. थैलीत खडा असला तर त्या पांढऱ्यात काळं भोक दिसायचं. मग रोग्याला काहीतरी तुपातलं खाऊ घालून तासाभरानं दुसरा फोटो. थैली आकसली म्हणजे ती काम करते आहे. पुस्तकात लिहिलं होतं अंडी द्या. अप्पांच्या घरी अंड्याचं नाव काढायची सोय नव्हती, आणि येणारे निम्मे रोगीही त्यांच्यासारखेच माळकरी नाहीतर लिंगधारी. तेव्हा अप्पांच्या बायकोनं, शांतादेवीनं, त्यावर तोड काढली. वाटीभर शिरा, वर तुपाचा तवंग. तो शिरा खाऊन होईस्तोवर, आणि थैली आकसेस्तोवर, रोगी बाकावर बसून अप्पांशी बोलत राहायचा. पोरीचं जमत नाही, भाऊ वाटणी मागतो, औंदा कापसाला बोंडअळी लागली. पोटातलं फिल्मवर यायच्या आधी मनातलं बाहेर यायचं.

पण या सगळ्या खटाटोपात एक मोठी खोट होती. रोग्याला कावीळ असली की गोळ्यांचा काही उपयोग होत नसे. औषध पित्तात उतरतच नसे, आणि फिल्म कोरी निघायची. जिथं आत बघायची खरी गरज, तिथंच आंधळं व्हायचं. कावीळ आपसूक उतरणारी आहे, का पित्ताची नळी कुठंतरी तुंबलीय, हे डॉक्टर हातानं पोट चाचपून आणि डोळे बघून ठरवायचे. कधी बरोबर ठरायचं. कधी पोट उघडल्यावरच कळायचं.

अशी कोरी फिल्म हातात आली की अप्पा त्या दिवशी जेवत नसत. शांतादेवीला कारण माहीत होतं, आणि ती विचारत नसे.

अप्पांचा थोरला भाऊ भीमाशंकर एकोणसत्तर साली गेला. चोवीस वर्षांचा. किराणा दुकान त्यानंच उभं केलं होतं, आवाज असा की गल्लीच्या टोकाला गिऱ्हाईक थांबायचं. आधी पोटात कळा, मग डोळे पिवळे, मग सगळं अंग हळदीसारखं. अंगाला अशी खाज सुटली की तो नखांनी रक्त काढायचा. वडिलांनी दोघा भावांना एसटीत घातलं आणि धारूरला नेलं. तिथं किल्ल्याच्या वाटेवर साखराबाई नावाची एक बाई काविळीचं औषध द्यायची. कसल्यातरी पाल्याचा रस, ताकातून, सकाळच्या पहिल्या प्रहरात. बीडपासून लातूरपर्यंतची माणसं तिच्या दारात यायची. अप्पांची स्वतःची कावीळ लहानपणी तिच्याच सासूनं उतरवली होती.

साखराबाईनं भीमाशंकरचे डोळे बघितले, आणि एकच प्रश्न विचारला. "परसाकडं कसं होतं?"

वडील म्हणाले, "पांढरं. चुन्याच्या मातीवानी."

तिनं हातातला पेला खाली ठेवला. "न्हाई. ही माजी कावीळ न्हाई. ह्याला औरंगाबादला न्या. मोठ्या दवाखान्यात."

वडील हात जोडून विनवत राहिले. ती उठून आत गेली. वडील औरंगाबादला गेले नाहीत. दुसऱ्या एका वैदूकडं गेले, त्यानं तापल्या सळईनं पोटावर डाग दिले. दोन महिन्यांत भीमाशंकर आटोपला. पुढं वडील मरेपर्यंत एकच म्हणायचे, "त्या बाईनं माज्या लेकराला टाकून दिलं." अप्पांनी ती गोष्ट इतक्या वेळा ऐकली की धारूरचं नाव निघालं तरी त्यांच्या कपाळावर आठी पडायची. औरंगाबादचं ती बोलली होती, हे त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. पण वडिलांच्या दुःखापुढं ते कुठं मांडायचं?

दिवस गेले. परळीत केबल टीव्ही आला, पिवळ्या पाटीचे एसटीडी फोन आले, पोरं मोटारसायकली उडवायला लागली. पंच्याण्णव सालच्या सुरुवातीला धर्मराज डॉक्टरांनी सोनोग्राफीचं मशीन आणलं. कपाटाएवढं धूड, त्यावर टीव्हीसारखा काचेचा पडदा. ते ठेवायला जागा हवी म्हणून अप्पांची फिल्मा वाळवायची खोली गेली. मशीन चालवायला लातूरहून डॉ. सत्यशीला आल्या. तिशीच्या आतबाहेर, बोलणं मऊ, पण कामात कडक. पहिल्या दिवशीच म्हणाल्या, "अप्पा, तुम्ही मला अहो-जाहो करू नका."

"डॉक्टरला अरे-तुरे करायची जीभ न्हाई आमची, मॅडम," अप्पा म्हणाले, आणि विषय संपला.

अप्पांना मशीनचा राग नव्हता. पण त्यांना करमेनासं झालं. गोळ्या देऊन दीड दिवस थांबायचं जे काम, ते मॅडम पोटावर थंडगार जेली लावून पाच मिनिटांत उरकायच्या. गोळ्यांचा शेवटचा डबा कपाटात तसाच पडून राहिला. मॅडम निदान लिहून घ्यायला अप्पांना आत बोलवायच्या, तेव्हा ते दाराशी उभे राहून पडद्याकडं बघायचे. पावसात भिजलेल्या काचेतून रस्ता दिसावा तसं सगळं करडं, हलतं. मॅडम बोट ठेवून सांगायच्या, हे यकृत, ही थैली, ही नळी. अप्पांना कधी दिसायचं, कधी नाही.

त्याच वर्षी, दिवाळीच्या महिनाभर आधी, थर्मलमधला एक कामगार आपल्या आईला हाताला धरून घेऊन आला. अंगद त्याचं नाव. आई साठीची, काटक, हिरवं लुगडं, आणि डोळे असे पिवळे की बाकावरच्या बायका सरकून बसल्या. दोन्ही दंडांवर खाजवल्याचे ओरखडे. मॅडमनी कागदावर लिहायला नाव विचारलं.

"साखराबाई. धारूरची," म्हातारी म्हणाली.

अप्पांच्या हातातला पेन थांबला. सव्वीस वर्षांनी तो चेहरा त्यांना ओळखू आला नव्हता, पण आवाज आला. त्यांनी नाव लिहिलं. गाव लिहिलं. मान वर केली नाही.

"किती दिवस झाले?" मॅडमनी विचारलं.

अंगद म्हणाला, "तीन आठवडे, मॅडम. आई सोताच काविळीचं औषध देती. सोताचंच औषध पीत बसली. मला कळू दिलं न्हाई."

"माज्या हातनं हजारो उतरल्या," साखराबाई टेबलावर आडवी होत म्हणाली. "माजीच उतरंना."

"शौचाचा रंग कसा आहे?"

म्हातारी जराशी हसली. "हे मी इचारते समद्यांना. तुमी मला इचारायलाव." मग मान फिरवून म्हणाली, "पांढरा. आठव्या दिसापासनं."

सत्यशीला मॅडमचा हात पोटावर तसाच थांबला. "तुम्ही हे सगळ्यांना विचारता? कुणी शिकवलं?"

"सासूनं. तिला तिच्या सासूनं. पांढरं असंल तर औषध द्यायचं न्हाई. वाट बुजलेली असती, रस पिऊन ती उघडत न्हाई. दुसऱ्याला न्हाई म्हणता येतं, बाई. सोताला कसं म्हणावं? पांढरं दिसलं तेव्हाच मला समजलं हुतं. पर वाटलं, औषधवालीच दवाखान्यात गेली तर लोक काय म्हणतील?"

अप्पा दाराशी उभे होते. पांढरं असेल तर औषध द्यायचं नाही. एवढंच होतं. वडिलांनी जन्मभर ज्याला टाकून देणं म्हटलं, ते एवढंच होतं.

मॅडम पडद्यावर बघत राहिल्या. थैलीत खडे होते, ते लगेच दिसले. यकृताच्या आतल्या बारीक नळ्या फुगलेल्या. आणि पित्ताची मुख्य नळी, जी पेनातल्या रिफीलीपेक्षा थोडीशीच जाड असायला हवी, ती बोटाएवढी झालेली. म्हणजे खाली कुठंतरी बूच बसलं होतं. पण खालचं टोक दिसेना. पोटात वायू धरला होता आणि नेमका तिथंच काळोख होता. मॅडमनी दाबून बघितलं, कूस बदलून बघितलं.

"नळी तुंबलीय हे नक्की," त्या अंगदला म्हणाल्या. "कशानं, ते दिसत नाही. खडा असेल तर अंबाजोगाईला ऑपरेशन होईल आणि आई बरी होईल. पण तिथं गाठही असू शकते."

"गाठ म्हंजी... तीच का?"

मॅडमनी होकारार्थी मान हलवली. अंगदचा चेहरा पडला. तो हळूच म्हणाला, "तसं असंल तर मी आईला धारूरला नेतो, मॅडम. ह्या वयात उगं चिरफाड नको."

"नको लेकरा, खरंच नको," साखराबाई म्हणाली. ती उठून बसायला लागली.

तेव्हा दारातून अप्पा बोलले. "मॅडम, एकदा उभं करून बघा की."

सगळ्यांनी वळून पाहिलं. अप्पांनी घसा खाकरला. "गोळ्यांच्या फोटोला आमी असंच करायचो. झोपवून काढला की वायूमागं थैली दडून बसायची. मग रोग्याला उभं करायचं. वायू वर जातो, बाकी समदं खाली येतं. लई वेळा असं घावलंय."

मॅडम म्हणाल्या, "आणि आधी पाणी पाजू. आवाजाच्या लाटा हवेतून जात नाहीत, पण पाण्यातून जातात. जठर पाण्यानं भरलं तर त्यातून पलीकडचं दिसेल. अप्पा, पाणी आणा."

अप्पांनीच आणलं. स्टीलचा पेला, एकामागून एक चार. साखराबाईला उजव्या कुशीवर कलतं करून ते घोटघोट पाजत होते. एका हातानं तिच्या मानेला आधार दिला होता. ज्या बाईचं नाव घरात घ्यायचं नाही असा दंडक होता, तिला. चौथ्या पेल्याला ती म्हणाली, "पोटाचा रांजण केलाव की माझ्या," आणि मॅडमसुद्धा हसल्या.

पंधरा मिनिटं थांबले. मग तिला टेबलाला धरून उभं केलं. मॅडम स्टुलावर बसून पोटावर यंत्र फिरवू लागल्या. पडद्यावर करडं हललं. काळा वायू वर सरकला, पाण्याचं एक स्वच्छ काळं तळं दिसलं, आणि त्या तळ्याच्या पलीकडं ती फुगलेली नळी खाली खाली जात होती. तिच्या अगदी टोकाला एक पांढरी, वाकडी रेघ होती, चंद्राच्या कोरीसारखी. आणि तिच्या मागं सरळ, काळी सावली.

"अप्पा," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "दिसला?"

अप्पांना दिसला. जन्मभर त्यांनी खडा पांढऱ्यातलं काळं भोक म्हणून पाहिला होता. इथं तो पांढरा होता आणि काळं पडलं होतं त्याच्या पाठीमागं. पण ओळख पटायला वेळ लागला नाही.

"खडाच हाय," ते म्हणाले. "अन् थर्मलचा न्हाई."

मॅडम अंबाजोगाईच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहीत होत्या आणि अंगद रिक्षा बघायला गेला होता, तेव्हा साखराबाई बाहेरच्या बाकावर बसली होती. अप्पा तिच्या शेजारी जाऊन बसले. म्हणाले, "मावशी, एकोणसत्तर साली परळीचा एक किराणावाला पोरगा आलता तुमच्याकडं. उंच. भीमाशंकर."

ती समोर रस्त्याकडं बघत राहिली. "ज्यांना औषध दिलं ते ध्यानात न्हाईत, भाऊ. ज्यांना न्हाई म्हटलं, ते समदे ध्यानात हायत. त्याचा बाप लई रडत हुता. अन् मागं एक बारका भाऊ उभा हुता, पायात चप्पल नसलेला."

"तो मी."

तिनं त्यांच्याकडं वळून पाहिलं. "नेलं का औरंगाबादला?"

अप्पांनी मान हलवली. नाही. तिनं आपला ओरखडे पडलेला हात त्यांच्या हातावर ठेवला, आणि रिक्षा येईपर्यंत तिथून काढला नाही.

अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात तिचं ऑपरेशन झालं. थैली काढली, नळी उघडून खडा काढला, आणि नळीत रबराची एक बारीक नळी ठेवली, तिचं टोक पोटाबाहेर. बाराव्या दिवशी त्या नळीतून औषध सोडून फोटो काढायचा होता, आत काही राहिलं तर नाही ना बघायला. अप्पांनी सुट्टी टाकली आणि सकाळच्या एसटीनं गेले. तिथला एक्सरेवाला म्हाळू त्यांच्या ओळखीचा. त्यानं आत घेतलं. म्हाळूनं अंधारखोलीतून ओली फिल्म आणून अप्पांच्याच हातात दिली.

अप्पांनी ती खिडकीच्या उजेडावर धरली. एक झाड होतं. पांढरं, उलटं लटकलेलं. वर बारीक फांद्या यकृतभर पसरलेल्या, त्या जाड होत होत एका खोडात मिळाल्या होत्या, आणि ते खोड सरळ खाली उतरून आतड्यात मोकळं झालं होतं. कुठं अडथळा नाही, कुठं काळं भोक नाही. बावीस वर्षं त्यांनी या कामात घातली होती, पण पित्ताची अख्खी वाट त्यांनी आजवर पाहिली नव्हती. त्यांच्या गोळ्यांनी फक्त थैली दिसायची. भीमाशंकरच्या पोटातही हेच झाड असणार, आणि याच ठिकाणी, खोडाच्या तळाशी, काहीतरी अडकलं असणार. म्हाळू काहीतरी विचारत होता. अप्पांना ऐकू आलं नाही. फिल्मवरून पाणी निथळून त्यांच्या मनगटावर येत होतं, आणि गालांवरून दुसरं.

साखराबाई बरी झाली. दिवाळीच्या पाडव्याला तिनं परळीला सीताफळांची टोपली पाठवली, कारण बालाघाटच्या डोंगरातली सीताफळं उशिरापर्यंत टिकतात असं तिचं म्हणणं होतं. निम्मी वाटेत नासली होती. उरलेली सत्यशीला मॅडम आणि अप्पांनी वाटून खाल्ली.

पुढं सहासात वर्षं तिनं औषध देणं चालूच ठेवलं. मॅडमनी तिला कधी बंद कर म्हटलं नाही. साधी कावीळ बहुतेक वेळा आपसूकच उतरते हे त्यांना माहीत होतं, आणि कदाचित साखराबाईलाही. पण आता नाही म्हणताना तिच्याजवळ पुढचं सांगायला काहीतरी होतं. "परळीला जा. सोनोग्राफीची बाई हाय, अन् एक्सरेवाले अप्पा हायत. त्यांना सांगा साखरानं धाडलंय." महिन्याला दोघंतिघं असे यायचे. सगळेच वाचले असं नाही. कुणाच्या नळीत खडा निघाला, कुणाच्या गाठ. गाठवाल्यांना मॅडम खोलीत बसवून सगळं नीट सांगायच्या, आणि बाहेर आल्यावर अप्पा त्यांना चहा द्यायचे. पण दुसऱ्या वैदूकडं जाऊन पोटावर डाग घेणारा त्यांच्यातला एकही नव्हता.

दोन हजार तीन साली साखराबाई वारली, वयानं. अप्पा धारूरला गेले. सून वत्सलाबाईनं त्यांना घरच्या माणसासारखं आत बसवलं.

दोन हजार आठला अप्पा निवृत्त झाले, तोवर एक्सरेही कॉम्प्युटरवर आला होता. टाक्या भंगारात गेल्या, अंधारखोलीत झाडूफडे ठेवायला लागले. निरोपाच्या दिवशी मॅडमनी विचारलं, "अप्पा, खरं सांगा. जुनं बरं होतं का नवं?"

"नवंच, मॅडम. त्यात काय इचारायचं? जुन्यात माणसं मरायची." अप्पांनी आपल्या तपकिरी नखांकडं पाहिलं. "पर त्या वेळेला माणूस दीड दिवस आपल्याजवळ असायचा. बोलायचा. आता पाच मिनिटात पोट पुसून निघून जातो. मला कंदीकंदी त्याची याद येती."

मॅडमच्या खोलीबाहेर सात जण नंबर लावून बसले होते. मॅडमनी दार लोटून घेतलं, दोन चहा मागवले, आणि अप्पांना म्हणाल्या, "बसा. आणि सांगा, सोलापूरला तुम्ही काम शिकायला गेलात, तिथंपासून."

अप्पा खुर्चीत टेकले. बोलता बोलता चहा गार झाला. बाहेर कुणीतरी दारावर टकटक केली. मॅडम उठल्या नाहीत.